एडी किंग्स्टन - अठरा वर्षं छोट्या हॉलांमध्ये घालवलेला रेसलर

रात्रपाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. अमेरिकन रेसलिंग म्हटलं की आपल्याकडे अंडरटेकर, जॉन सीना आणि ती ट्रंप कार्डं, रँक अमुक वजन तमुक, इथेच गाडी थांबते. मला आज ज्याच्यावर लिहायचंय त्याचा डब्ल्यूडब्ल्यूईशी कधी करारच झाला नाही, त्यामुळे कार्डावर येण्याचा प्रश्नच नव्हता. एडी किंग्स्टन, जन्म डिसेंबर 1981, गाव यॉन्कर्स, न्यूयॉर्क शहराला लागून ब्रॉन्क्सच्या वरच्या अंगाला. अर्धा पोर्टो रिकन, अर्धा आयरिश. अंगाने काही पुतळा वगैरे नाही, पोट आहे, चालताना खांदे पाडून चालतो, आणि तरीही गेल्या वीस वर्षांत अमेरिकेत माइक हातात घेऊन बोलणारे जे चार-पाच खरे लोक झाले त्यात मी याला पहिला धरतो.

थोडी पार्श्वभूमी सांगतो कारण त्याशिवाय याचं करिअर कळत नाही. मार्च 2001 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने (म्हणजे आजची डब्ल्यूडब्ल्यूई) डब्ल्यूसीडब्ल्यू ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली, त्याच सुमारास फिलाडेल्फियाची ईसीडब्ल्यू पण दिवाळखोरीत गेली. म्हणजे वर्षभरापूर्वी तीन कंपन्यांचे टीव्ही शो होते, आता एकच उरली. बाकीच्यांनी जायचं कुठे? तर मग फिलाडेल्फिया, न्यू जर्सी, पेनसिल्वेनियाच्या पट्ट्यात छोट्या छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. फेब्रुवारी 2002 मध्ये रिंग ऑफ ऑनरचा पहिला शो झाला, त्याच वर्षी अॅलनटाउनमध्ये माइक क्वाकेनबुश आणि रेकलेस यूथ यांनी चिकारा सुरू केली, आणि काचा, ट्यूबलाइट, काटेरी तारा असलं रक्तबंबाळ काम करणारी सीझेडडब्ल्यू तर 1999 पासून होतीच. किंग्स्टन 2002 मध्ये चिकारातच उतरला, वय वीस.

आता चिकारा म्हणजे काय तर रंगीबेरंगी मुखवटे, मुंग्यांच्या वेषातले रेसलर, आइस्क्रीमच्या कोनाच्या वेषातले रेसलर, लहान पोरं समोर बसून टाळ्या पिटतायत असा प्रकार. आणि त्यात हा यॉन्कर्सचा रस्त्यावरचा पोरगा, शिवराळ, चिडका, डोळ्यात राग. खरं तर अजिबात बसायला नको होता तिथे. पण बसला, कारण आजूबाजूला सगळे खेळ करत असताना हा एकटा माणूस हे सगळं खरं आहे असं धरून लढायचा आणि त्यामुळे बाकीच्या मुंग्यासुद्धा खऱ्या वाटायला लागायच्या.

चिकाराबरोबरच सीझेडडब्ल्यू, आयडब्ल्यूए मिड-साउथ, रिंग ऑफ ऑनर, नंतर इव्हॉल्व्ह, सगळीकडे फिरला. क्रिस हीरोशी त्याचं वैर वर्षानुवर्षं चाललं, एका कंपनीत सुरू व्हायचं आणि दुसऱ्या कंपनीत पुढचा अंक, डिसेंबर 2009 ला रिंग ऑफ ऑनरच्या फायनल बॅटलमध्ये ते दोघे न्यूयॉर्कला बिननियमांची मॅच लढले. 2016 मध्ये टीएनए या कंपनीच्या टीव्ही शोवर आला, किंग नावाने, डीसीसी नावाच्या मुखवटेधारी तिघांमधला एक, पण ते लवकरच मोडलं. 2018 मध्ये परत आला होमिसाइड आणि हर्नांडेझबरोबर, तेही फार टिकलं नाही. पुन्हा हॉल, पुन्हा गाडीतून रात्रीचा प्रवास.

मग 2020, कोरोना. इंडी, म्हणजे या छोट्या स्वतंत्र कंपन्यांचे, शो सगळे बंद. ज्याचं पोट शोगणिक मिळणाऱ्या पैशांवर चालतं त्याचं काय होणार. घराचे हप्ते भरायला त्याने रिंगमधले कपडे, सामान विकायला काढलं होतं हे त्याने स्वतः नंतर सांगितलंय. आणि त्याच वेळी कोडी रोड्सच्या ओपन चॅलेंजमध्ये (कुणीही या आणि माझ्याशी लढा असा प्रकार) एईडब्ल्यू या टीव्हीवरच्या मोठ्या कंपनीने त्याला एका रात्रीसाठी बोलावलं. 22 जुलै 2020, जॅक्सनव्हिल, खुलं थिएटर, जवळपास रिकामं. मॅचआधी त्याला बोलायला माइक दिला. जेमतेम दोन-अडीच मिनिटं असतील, तू डस्टी रोड्ससारख्या नावाजलेल्या रेसलरचा मुलगा आणि मी कोण, असा एकूण रोख, अठरा वर्षं काय केलं ते सगळं त्यात ओतलं. मग मॅच झाली, बिननियमांची, टाचण्या पसरल्या, हरला. पण त्या रात्रीपासून याला घ्या याला घ्या म्हणून लोकांनी इंटरनेट डोक्यावर घेतलं आणि 31 जुलैला करार जाहीर झाला. वय 38.

माझं म्हणणं एवढंच आहे की लोक ही गोष्ट "अखेर संधी मिळाली" अशी सांगतात ते मला पटत नाही. त्या दोन मिनिटांत जे होतं ते संधीमुळे आलं नाही, ते आधीच तयार होतं, बिंगोच्या हॉलमध्ये दोनशे-तीनशे लोकांसमोर तयार झालेलं. त्याचं करिअर तेच होतं. बाकीचं बोलूच खाली.

चिंचोका

छान लिहिलंय, पण एक प्राथमिक प्रश्न, रागावू नका. निकाल आधीच ठरलेला असतो ना? मग "करिअर", "हरला", "जिंकला" हे शब्द कोणत्या अर्थाने वापरायचे? मी खरंच विचारतोय, टिंगल नाही.

तांबडापांढरा

चिंचोका, प्रश्न रास्त आहे. मी कोल्हापूरचा, आमच्याकडं जत्रेत नुरा कुस्ती लावली तर पब्लिक बोंबलून मैदान डोक्यावर घेतं, कारण तिथं कुस्ती खरी आहे असं सांगून तिकीट फाडलेलं असतंय. इथं तसं नाही, बघणाऱ्याला ठाऊक आहे, खेळणाऱ्याला ठाऊक आहे, फसवणूक कुणाचीच नाही. पण पडणं खोटं नसतं राव. लोखंडी सांगाडा, त्याच्यावर लाकडाच्या फळ्या, वर पातळ फोम आणि कॅनव्हास, त्याच्यावर हवेतनं पाठीवर आपटायचं, वीस वर्षं, आठवड्याला दोन-तीन वेळा. मी लहानपणी तालमीत लाल मातीवर पडलोय, ती माती तेल-ताक घालून मऊ केलेली असायची तरी मान धरायची. आणि हे काही अगदीच परकं नाही, 1968 ला मुंबईत दारा सिंगनी लू थेझला हरवलं ती ह्याच धंद्यातली लढत, आमचे आजोबा त्याच्या गोष्टी सांगायचे.

रात्रपाळी

तांबडापांढरा +१

चिंचोका, मी असं धरतो: निकाल ठरवणं हे बुकरचं, म्हणजे कंपनीत मॅच आणि कथा ठरवणाऱ्याचं काम, पण समोरच्या माणसाला त्या निकालाची फिकीर वाटायला लावणं हे रेसलरचं काम आणि ते कुणी लिहून देऊ शकत नाही. उदाहरण देतो. मार्च 2021, एईडब्ल्यूचा रेव्होल्यूशन शो, केनी ओमेगा विरुद्ध जॉन मॉक्सली, काटेरी तारा आणि स्फोटक लावलेलं रिंग, शेवटी सगळं रिंग उडणार अशी जाहिरात. मॅच संपली, मॉक्सली हातकडीत आडवा, घड्याळ शून्याकडे चाललंय, किंग्स्टन पळत आला आणि मित्राला वाचवायला त्याच्या अंगावर झोपला. आणि स्फोट फुसका निघाला. अक्षरशः दिवाळीच्या फुलबाज्या. प्रेक्षक ओरडायला लागले, अख्ख्या जगात हसू झालं. पण किंग्स्टन तसाच निपचित पडून राहिला.

आता पुढच्या बुधवारी टीव्हीवर काय सांगायचं? कंपनीची नाचक्की झालेली. किंग्स्टन उभा राहिला आणि म्हणाला की मला पॅनिक अटॅक आला होता, जुन्या गोष्टी अंगावर आल्या, शुद्धच गेली. आणि हा माणूस खरोखर त्या त्रासातून जातो हे लोकांना माहीत होतं, त्यामुळे फुसक्या स्फोटातून एकदम खरी गोष्ट निघाली. ज्या प्रसंगाची लाज वाटत होती तो प्रसंग त्याने दोन मिनिटांत सांभाळून घेतला. हे अठरा वर्षं हॉलमध्ये काम केल्याशिवाय येत नाही, तिथे माइक बंद पडतो, दिवे जातात, समोरचा रेसलर येतच नाही, आणि तरी शो करायचा असतो.

एडिसनकर

धागा बघून लॉगिन केलं! मी न्यू जर्सीत राहते, मुलाच्या हट्टापायी इंडी शोला जायला लागले आणि आता मीच जास्त जाते. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, हे शो कुठे होतात तर शाळेच्या जिममध्ये, चर्चच्या हॉलमध्ये, माजी सैनिकांच्या क्लबात. भिंतीवर बास्केटबॉलची रिंग वर दुमडून ठेवलेली, खाली घडीच्या खुर्च्या, एका कोपऱ्यात हॉट डॉग आणि सोडा. आणि दाराजवळ टेबलं, प्रत्येक टेबलामागे एक रेसलर, समोर त्याचे टी-शर्ट, फोटो, काय काय. त्याला ते लोक गिमिक टेबल म्हणतात. तिथे उभं राहिलं की धंदा कळतो. शोचे म्हणून जे पैसे मिळतात त्यातून पेट्रोल आणि मोटेल सुटतं, खरी कमाई त्या टेबलावरची. मॅचमध्ये ज्याने वीस मिनिटांपूर्वी छातीवर असे फटके खाल्ले की लाल-निळे वळ उठलेत, तोच मनुष्य अंगावर टॉवेल टाकून नोटा मोजून सुटे परत देत असतो. विमा नाही, पगार नाही, हात मोडला तर पुढच्या महिन्याची तारीख दुसऱ्याला.

किंग्स्टनबद्दल मला आवडतं ते वेगळंच. तो हरतो तेव्हा छान हरतो. बाकी लोक हरल्यावर कॅमेऱ्यात नाटकी चेहरा करतात, हा असा बघतो की याने हप्ता बुडवलाय.

जुनीकॅसेट

रात्रपाळी, सगळं बरोबर पण मूळ गोष्ट राहिली. किंग्स्टन समजायचा तर तोशिआकी कावादा बघायला हवा.

नव्वदच्या दशकातली ऑल जपान प्रो रेसलिंग. मिसावा, कोबाशी, ताउए आणि कावादा, त्यांना चार खांब म्हणायचे. कावादा त्यातला कायम दुसरा, मिसावाच्या सावलीत, रागीट, हट्टी, पिवळ्या-काळ्या चड्डीत. अमेरिकेत हे टीव्हीवर यायचं नाही, व्हीएचएस टेपा टपालाने एकमेकांना पाठवायच्या, कॉपीची कॉपी, चित्रात मुंग्या, कॉमेंट्री जपानीत. किंग्स्टन या टेपांवर वाढला. त्याचा पोशाख बघा, काळा-पिवळा. छातीवर मारायच्या चॉप्स, पाठीमागे उचलून मानेवर टाकायचं ते बॅकड्रॉप, आणि ज्या पकडीवर त्याने मार्च 2022 ला क्रिस जेरिकोला हार कबूल करायला लावली ती स्ट्रेच प्लम, कावादाचीच. गिरकी घेऊन उलट्या मुठीचा फटका हा तेवढा त्याचा हुकमी.

आणि ही नुसती नक्कल नाही. कावादाचं जे होतं, शरीर साथ देत नाही, समोरचा माझ्यापेक्षा सरस आहे, तरी मी उठणार, ते त्याने उचललं आणि यॉन्कर्सच्या भाषेत सांगितलं. नोव्हेंबर 2022 मध्ये नेवार्कला फुल गिअर शोच्या आधीच्या तासात त्याची मॅच होती जून अकियामाबरोबर, जो त्या चार खांबांच्या अगदी पाठोपाठचा, त्याच काळातला माणूस. मुख्य शोमध्ये नाही, बेल्ट नाही, काही नाही. ज्यांच्या टेपा बघत मोठा झाला त्यातला एक माणूस समोर उभा आहे, आणि हा जिंकला आणि डोळ्यातून पाणी. मी स्क्रीनसमोर बसून रडलो, सांगायला लाज नाही.

स्पष्टच_बोलतो

सगळे एकाच सुरात आहेत म्हणून थोडं विरुद्ध लिहितो. मला किंग्स्टन आवडतो, पण हे "छोट्या हॉलमध्ये खरी कला घडली" वगैरे मला जरा खटकतं. अठरा वर्षं माणसाला पुरेसे पैसे मिळाले नाहीत, कपडे विकायची वेळ आली, गुडघे गेले, आणि आपण इकडे बसून त्यालाच साधना म्हणणार? हे कंपन्यांच्या सोयीचं आहे. आवड आहे ना, मग कमी पैशात कर. आपल्याकडे नाटकवाल्यांना, लोककलावाल्यांना हेच ऐकवतात.

दुसरं म्हणजे त्याची स्वतःची जबाबदारी. फिटनेसवर त्याने वेळेत लक्ष दिलं असतं तर दहा वर्षं आधी टीव्ही मिळाला असता असं मला वाटतं. दारू, भांडणं हे त्यानेच सांगितलंय. एईडब्ल्यूत आल्यावर सुद्धा 2022 ला सॅमी गेवाराशी मॅच ठरलेली, त्याआधी पडद्यामागे भांडण झालं, किंग्स्टन निलंबित, मॅच रद्द. चूक माझी होती असं तो नंतर म्हणाला, ते ठीक, पण झालं ते झालं.

रात्रपाळी

स्पष्टच_बोलतो, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य आहे आणि तो मांडलात ते चांगलं केलंत. अमेरिकेत डब्ल्यूडब्ल्यूईचे रेसलर सुद्धा कागदोपत्री कर्मचारी नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत, युनियन नाही, मग इंडीवाल्याला कोण विचारतो. त्या गरिबीमुळे कला आली असं मी म्हणत नाही. गरिबी असूनही आली. पैसे मिळाले असते तर कदाचित अजून चांगली आली असती, निदान गुडघे तरी वाचले असते.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र थोडं थांबा. दारू, भांडणं हे सगळं एका रांगेत लावून "लक्ष दिलं असतं तर" म्हणणं सोपं आहे. लॅरी स्वीनीची गोष्ट सांगतो. स्वीनी हा किंग्स्टनचा जवळचा मित्र, चिकाराच्या सुरुवातीच्या दिवसांपासूनचा, अफाट बोलायचा, जुन्या काळच्या मॅनेजरसारखा भडक कोट घालून. मानसिक आजाराशी झगडत होता. एप्रिल 2011 मध्ये त्याने आत्महत्या केली. त्या वर्षी चिकाराने आपला पहिला मुख्य बेल्ट ठरवायला स्पर्धा घेतली आणि स्वीनीच्या टोपणनावावरून तिचं नाव ठेवलं ट्वेल्व्ह लार्ज समिट. अंतिम सामना 13 नोव्हेंबर 2011, फिलाडेल्फियाच्या त्याच हॉलमध्ये जिथे पूर्वी ईसीडब्ल्यू व्हायची, आठवड्यातल्या बाकी दिवशी बिंगोसाठी प्रसिद्ध असलेला हॉल. किंग्स्टन विरुद्ध क्वाकेनबुश, म्हणजे कंपनीचा संस्थापकच. किंग्स्टन जिंकला. बेल्ट हातात घेऊन ढसाढसा रडत होता आणि विजय स्वीनीला वाहिला. निकाल कुणीतरी ठरवला होता हो, पण चिंचोका, तुमच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. तो व्हिडिओ बघा आणि मग सांगा त्यात खोटं काय होतं.

तो बेल्ट त्याच्याकडे 924 दिवस राहिला. मधलं वर्षभर तर कंपनीच कथेचा भाग म्हणून बंद होती, जून 2013 मध्ये आयकारसबरोबरची त्याची मॅच चालू असतानाच सूटबूटवाल्या लोकांनी येऊन शो बंद पाडला, आणि मे 2014 ला पेनसिल्वेनियातल्या ईस्टनला परत सुरू झाली तेव्हा त्याच आयकारसकडून तो हरला.

निळीशाई

मी रेसलिंग बघत नाही, समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते, धाग्याचं नाव बघून आले आणि इथपर्यंत वाचत राहिले. वरती पॅनिक अटॅक आणि मित्राच्या आत्महत्येचा उल्लेख आहे म्हणून विचारते, या गृहस्थांनी स्वतःबद्दल कुठे सविस्तर लिहिलंय का? पुरुष, तेही असल्या मर्दानी धंद्यातले, या विषयावर स्वतःच्या नावाने बोलतात तेव्हा त्याचा उपयोग होतो. माझ्याकडे येणाऱ्या तरुण मुलांना डॉक्टरपेक्षा अशा कुणाचं म्हणणं पटकन पोचतं.

एडिसनकर

निळीशाई ताई, हो. नोव्हेंबर 2021 मध्ये प्लेयर्स ट्रिब्यून म्हणून खेळाडूंनी स्वतः लिहायची वेबसाइट आहे, तिथे त्यांचा मोठा लेख आला. नैराश्य, अँग्झायटी, दारू, मरावंसं वाटणं, सगळं. भाषा अगदी बोलल्यासारखी, कुठे गुळगुळीत केलेली नाही, शिव्यांसकट. आणि मी बरा झालो असा सूर नाही, आजही रोज झगडतो असा आहे. माझ्या मुलाने तो लेख स्वतःहून मला पाठवला होता, तेव्हा तो सोळाचा, आणि त्यानंतर आमच्यात ज्या गप्पा झाल्या त्या त्याआधी कधी झाल्या नव्हत्या. तुम्ही जरूर वाचा.

निळीशाई

धन्यवाद. वाचते आज रात्री.

तांबडापांढरा

आणि तो लेख आला ते सीएम पंकबरोबरच्या मॅचच्या आधी! ती मॅच तर काय सांगू. पंक पण इंडीतनंच वर आलेला, सात वर्षं घरी बसून परत आलेला, सगळी दुनिया त्याच्या बाजूनं. किंग्स्टननं समोर उभं राहून त्याला जुनं ऐकवलं, आम्ही छोट्या हॉलात होतो तवा तू आम्हाला कमी लेखायचास, ह्या अर्थाचं. दोघं एकमेकांच्या नाकाला नाक लावून बोलत होते आणि पंकचा चेहरा पडला होता. मॅचला तर घंटी व्हायच्या आधीच किंग्स्टननं उलटा फटका हाणला, पंकच्या डोक्यातनं रक्त, जेमतेम अकरा-बारा मिनिटं, ना उड्या ना कसरती. पंक जिंकला. पण पब्लिक मधूनच किंग्स्टनकडं वळलं.

जुनीकॅसेट

तारीख बघा त्या मॅचची. 13 नोव्हेंबर 2021. चिकाराचा बेल्ट जिंकला त्याला बरोबर दहा वर्षं, त्याच दिवशी.

चिंचोका

अरे वा. बरं, मी काल रात्री तो 2011 चा व्हिडिओ बघितला. रात्रपाळी, उत्तर मिळालं. आता मला सांगा, क्लॉडिओ कोण? शोधताना सगळीकडे त्यांच्या वैराचा उल्लेख येतोय.

रात्रपाळी

क्लॉडिओ कास्टान्योली, स्वित्झर्लंडचा, तुम्ही कदाचित सिझारो म्हणून डब्ल्यूडब्ल्यूईत बघितला असेल. बैलासारखी ताकद, स्वच्छ तंत्र, पाच भाषा बोलणारा, आणि चिकारापासून दोघांचं जमत नाही. किंग्स्टनचं म्हणणं की हा मला लायक समजत नाही. 2011 मध्ये क्लॉडिओ डब्ल्यूडब्ल्यूईत निघून गेला आणि किंग्स्टन तिथेच राहिला, म्हणजे भांडण मिटलंच नाही, नुसतं राहून गेलं. 2022 ला क्लॉडिओ एईडब्ल्यूत आला, तोही किंग्स्टनच्याच बाजूच्या टोळीत, आणि किंग्स्टनचं तोंड बघण्यासारखं होतं. मार्च 2023 ला रिंग ऑफ ऑनरच्या बेल्टसाठी लढले, किंग्स्टन हरला. मग जुलैला जपानला गेला, टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये केन्टाला हरवून न्यू जपान या तिथल्या मोठ्या कंपनीचा स्ट्राँग बेल्ट घेतला, त्यांची जी-वन ही साखळी स्पर्धा खेळला, जिथे जाणं हे टेपा बघून मोठ्या झालेल्या प्रत्येक पोराचं स्वप्न.

आणि 20 सप्टेंबर 2023. न्यूयॉर्क, क्वीन्स, आर्थर अॅश स्टेडियम, जिथे यूएस ओपन टेनिस होतं. यॉन्कर्सहून गाडीने जाता येईल इतकं जवळ. क्लॉडिओला हरवून रिंग ऑफ ऑनरचा जागतिक बेल्ट जिंकला. 2002 ला ज्या दोन कंपन्या एकाच पट्ट्यात सुरू झाल्या त्यातल्या एकीचा पहिला चॅम्पियन तो होताच, आता दुसरीचाही बेल्ट त्याच्याकडे आला. मॅचनंतर क्लॉडिओने हात पुढे केला. त्या एका हस्तांदोलनाला पंधरा-सोळा वर्षं लागली आणि हे कुठल्याही एका कंपनीने लिहिलेलं नाही, यातल्या काही कंपन्या तर बंद पडल्या.

जुनीकॅसेट

आणि त्यानंतर त्याने काय केलं ते सांगायलाच हवं. कॉन्टिनेंटल क्लासिक म्हणून साखळी स्पर्धा होती, बारा जण, त्यात त्याने आपले दोन्ही बेल्ट स्वतःहून डावावर लावले, की जिंकणाऱ्याला स्पर्धेच्या नव्या बेल्टसकट तिन्ही मिळतील, ट्रिपल क्राउन. हे ऑल जपानवरून, तिथे 1989 ला तीन बेल्ट एकत्र करून ट्रिपल क्राउन झाला होता, कावादाने पुढे तो जिंकला. पहिल्या दोन मॅच हा हरला, ब्रोडी किंगकडून आणि ब्रायन डॅनियलसनकडून. सगळे म्हणाले संपलं. मग ओळीने तीन जिंकला, उपांत्य फेरीत डॅनियलसनला काढला, आणि 30 डिसेंबर 2023 ला लाँग आयलंडवर मॉक्सलीला हरवून तिन्ही घेतले.

स्पष्टच_बोलतो

आणि साडेचार महिन्यांत घालवले पण. मार्च 2024 ला एक ओकादाकडे गेला, एप्रिलला दुसरा मार्क ब्रिस्कोकडे, मेमध्ये कॅलिफोर्नियात गेब किडशी लढताना पाय मोडला आणि तिसरा गेला. नडगीचं हाड, गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध, मेनिस्कस ही गादी, सगळं एकदम. मी म्हणत होतो ते हेच, बेचाळिसाव्या वर्षी शरीर हिशोब मागतं.

एडिसनकर

ब्रिस्कोकडे बेल्ट गेला त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही. मार्कचा भाऊ जे जानेवारी 2023 मध्ये कार अपघातात गेला, दोघे भाऊ रिंग ऑफ ऑनरच्या पहिल्या वर्षापासूनचे. फिलाडेल्फियात मार्कला तो बेल्ट मिळणं, तेही किंग्स्टनच्या हातून, यापेक्षा योग्य काही असूच शकत नव्हतं.

पायाबद्दल तुमचं खरं आहे. पण यावेळी मोडला तेव्हा करार होता, ऑपरेशन झालं, सोळा महिने घरी बसता आलं. 2012 मध्ये मोडला असता तर गिमिक टेबलाशेजारी कुणीतरी मदतीचा डबा ठेवला असता आणि आम्ही त्यात पाच-दहा डॉलर टाकले असते. मी टाकलेत असे, दुसऱ्यांसाठी.

चिंचोका

मग आता? परत आला की निवृत्त?

रात्रपाळी

आला परत. सप्टेंबर 2025, टोरांटोचा ऑल आउट, बिग बिलला हरवलं. पळणं कमी झालंय, गुडघ्याला जाड ब्रेस, पण चॉप्स तशाच.

स्पष्टच_बोलतो, तुमचा पैशांचा आणि विम्याचा मुद्दा मोठा आहे, त्यावर वेगळा धागा काढा ना, एडिसनकर ताईंनी पण लिहावं तिथे. चिंचोका, तुम्ही आता अकियामाची मॅच बघा, पण आधी कावादा-मिसावा 1994 जूनची टोकियोची बघून घ्या, नाहीतर त्या रडण्याचा अर्थ लागायचा नाही. जुनीकॅसेटकडे नक्की असेल.

जुनीकॅसेट

आहे. चित्रात मुंग्या आहेत पण चालेल. व्यनि करा.